विधानसभेला पहिल्यांदा उभे राहताना: नाशिक जिल्ह्यातल्या नव्या उमेदवारासाठी

नव्या उमेदवाराला सगळ्यात आधी वेळेचा हिशेब कळायला हवा. २०२४ ची निवडणूक समोर ठेवा. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, २२ ला अधिसूचना निघाली, २९ ला म्हणजे ऐन धनत्रयोदशीला अर्जांची मुदत संपली, ३० ला छाननी झाली. मध्ये लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज गेली आणि ४ नोव्हेंबरला दुपारी तीन वाजता माघारीची मुदत संपली. मतदान २० ला होते, पण जाहीर प्रचार १८ ला संध्याकाळीच थांबला. अपक्षाला चिन्ह मिळते ते माघारीनंतर. म्हणजे चिन्ह हातात घेऊन लोकांपुढे जायला त्याला उणेपुरे १४ दिवस मिळाले. मतदारसंघात ३५० मतदान केंद्रे धरली तर रोज २५ केंद्रांच्या हद्दीत पोचावे लागते. कोणाही माणसाला हे पायी किंवा गाडीने जमत नाही. त्यामुळे या १४ दिवसांत जे करता येत नाही, ते वर्षभर आधी करून ठेवणे हीच नव्या उमेदवाराची खरी निवडणूक. ते काम मुख्यतः दोन ठिकाणी असते, कागदपत्रांत आणि बूथवर. व्यासपीठ, हार, गाड्यांचा ताफा यांचा नंबर त्यानंतर लागतो.

मतदारसंघ नीट ओळखा

जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत: नांदगाव, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण, कळवण, चांदवड, येवला, सिन्नर, निफाड, दिंडोरी, नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, देवळाली आणि इगतपुरी. यांपैकी बागलाण, कळवण, दिंडोरी, इगतपुरी अनुसूचित जमातींसाठी आणि देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव आहे.

तालुका आणि मतदारसंघ एक समजू नका. लासलगाव आणि विंचूर निफाड तालुक्यात येतात, पण तिथले लोक येवल्याच्या आमदारासाठी मत देतात. पेठ दिंडोरीला जोडलेले आहे, सुरगाणा कळवणला, देवळा चांदवडला, त्र्यंबकेश्वर इगतपुरीला. ही हद्द डोक्यात पक्की नसली तर चूक थेट अर्जात उतरते. निफाडसाठी उभ्या असलेल्या अपक्षाने लासलगावच्या मित्राची सूचक म्हणजे अर्जावर नाव सुचवणारा मतदार म्हणून सही घेतली, तर ती सही बाद, आणि दहा सह्यांमधली एक बाद म्हणजे अख्खा अर्ज बाद.

हंगामही पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये द्राक्षाची छाटणी उरकून डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणे आणि फवारण्या सुरू असतात. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे त्या कामासाठी निफाड-दिंडोरीच्या बागांत मुक्कामाला असतात. कळवणमधून उभे असाल, तर तुमच्या मतदारांचा मोठा हिस्सा दुसऱ्याच्या मतदारसंघातल्या बागेत झोपडी करून राहिलेला असेल. कुठल्या पाड्यावरची किती माणसे कुठल्या गावात, कोणत्या मुकादमाबरोबर गेली आहेत, याची वही आधीच हवी. मतदानाच्या आदल्या दिवशी ही माहिती गोळा होत नाही. आणि त्यांना गाडी पाठवून आणायचा विचारही करू नका. मतदारांची फुकट ने-आण हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे, त्यावर निवडून आलेली जागाही जाते. तिकडे जाऊन भेटा, मतदानाला भरपगारी सुट्टी असते हे मजुराला आणि मालकाला दोघांनाही सांगा.

यादीचे एक पान

मतदार यादीच्या एका पानावर साधारण ३० नावे असतात. आपल्याच गल्लीचे एक पान घ्या आणि घरोघर जाऊन पडताळा. वारलेल्या माणसांची नावे तशीच असतात. सिन्नरला, ओझरला दिलेल्या मुली माहेरच्या यादीत असतात. सिडकोतून पाथर्डी फाट्याकडे राहायला गेलेले कुटुंब जुन्याच पत्त्यावर असते आणि नुकताच १८ पूर्ण झालेला मुलगा यादीतच नसतो. एका पानावर इतके सापडते, मग पूर्ण यादीत किती सापडेल याचा अंदाज करा.

नवे नाव नमुना ६ ने लागते. पत्ता बदल किंवा दुरुस्ती नमुना ८ ने, वगळणी नमुना ७ ने होते. अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेनंतर यादी गोठते, आणि अर्ज तपासायला मधले दिवस लागतात, म्हणून आचारसंहिता लागण्याच्या कितीतरी आधी हे काम संपवायचे. केंद्रस्तरीय अधिकारी म्हणजे बीएलओ बहुतेक वेळा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात, कामाच्या ओझ्याखाली असतात. त्यांच्याशी भांडू नका, व्यवस्थित भरलेले अर्ज पुराव्यासकट त्यांच्या हातात द्या.

हे काम करताना प्रत्येक पानामागे एक माणूस उभा राहतो. तोच पुढे बूथवर बसणारा माणूस. म्हणून यादीचे काम पगारी मुलांना देऊ नये असे आमचे ठाम मत आहे.

उभे राहता येते का

छाननीच्या दिवशी वय २५ पूर्ण हवे. राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असले तरी चालते, पण दुसरीकडचे असेल तर त्या यादीच्या संबंधित भागाची प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा छाननीच्या वेळी द्यावी लागते. राखीव जागेसाठी जातीचा दाखला लागतो. सरकारी नोकरीत असाल तर राजीनामा नुसता देऊन भागत नाही, तो मंजूर झाल्याचे पत्र हातात हवे. राज्य सरकारचे चालू कंत्राट तुमच्या नावावर असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण त्यावरून अपात्रता येऊ शकते.

अर्ज

विधानसभेचा उमेदवारी अर्ज म्हणजे नमुना २-ब. एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत भरता येतात, अनामत मात्र एकदाच: १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,००० रुपये, मग जागा खुली असली तरीही. चेक चालत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला आणि नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात, आणि सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत.

सूचकाच्या नावापुढे यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहायचा असतो. तो सूचकाच्या तोंडून विचारून लिहू नका, ताजी यादी समोर ठेवून लिहा, कारण पुरवणी यादीत क्रमांक बदललेला असू शकतो. एखादा सूचक अंगठा करणारा असेल, तर तो अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोरच साक्षांकित व्हावा लागतो, घरी घेतलेला चालत नाही. अपक्षाने निदान दोन अर्ज भरावेत आणि दुसऱ्या अर्जावर पूर्ण वेगळे दहा सूचक घ्यावेत. एका अर्जात कुणी सूचक बाद निघाला तर दुसरा अर्ज उभा राहतो.

अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ याच वेळेत, उमेदवाराने किंवा सूचकाने स्वतः द्यायचा. सुट्टीच्या दिवशी घेत नाहीत, त्यामुळे आठवड्याची मुदत कागदावर दिसते तेवढी नसते. निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयापासून १०० मीटरच्या आत तीनच गाड्या आणि दालनात उमेदवारासोबत चारच माणसे. मिरवणूक काढून अडीचला पोचणारे उमेदवार दरवेळी दिसतात. कागद कमी निघाला तर परत जाऊन आणायला वेळच उरत नाही. मिरवणूक काढायचीच असेल तर दुसऱ्या अर्जाला काढा, पहिला अर्ज पहिल्या दोन दिवसांत शांतपणे देऊन टाका. निर्णय अधिकारी अर्ज घेताना कमी कागदांची तपासणी सूची सही करून देतात. ती पावतीसारखी जपा.

पक्षाचे तिकीट असेल तर एबी फॉर्म म्हणजे तुम्हीच अधिकृत उमेदवार असल्याचे पक्षाचे पत्र शेवटच्या दिवशी तीनच्या आत पोचायला हवा, तोही शाईच्या मूळ सहीचा. झेरॉक्स किंवा शिक्क्याची सही चालत नाही. २०२४ ला शेवटच्या दिवशी नाशिकला एबी फॉर्म हेलिकॉप्टरने आणावे लागले होते, त्यावरून पक्षांच्या याद्या किती ताणतात हे समजून घ्या. तिकिटाची खात्री नसेल आणि तरीही लढायचे असेल, तर एक अर्ज पक्षाचा आणि दुसरा दहा सूचकांसह अपक्ष म्हणून भरून ठेवा.

शपथपत्र

नमुना २६ हेच सगळ्यात जास्त अडवते. नोटरी, शपथ आयुक्त किंवा प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यासमोर ते करावे लागते, प्रत्येक पानावर तुमची सही आणि नोटरीचा शिक्का हवा. एकही रकाना कोरा सोडायचा नाही. नुसती आडवी रेघही ओढू नका, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे शब्दांत लिहा. कोऱ्या रकान्यांबद्दल अधिकारी नोटीस देतात, तरीही नवे शपथपत्र छाननीपर्यंत आले नाही तर अर्ज फेटाळला जातो.

स्वतःची, पती किंवा पत्नीची, एकत्र कुटुंबाची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता आणि मागच्या पाच वर्षांचे प्राप्तिकर विवरणातले उत्पन्न यात येते. सातबारा आणि आठ-अ ताजे काढा. वारस नोंद होऊन तुमच्या नावावर आलेली पाच गुंठे जमीन पुष्कळदा लक्षातच नसते. सोसायटीचे पीककर्ज, ट्रॅक्टरचे कर्ज, सोने तोळ्यांत, विम्याच्या पॉलिसी, बायकोच्या बचत गटातली रक्कम, सगळे लिहा. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थानात राहिला असाल तर भाडे, वीज, पाणी, फोन यांचे थकबाकी नसल्याचे दाखले लागतात.

गुन्ह्यांचा रकाना चळवळीतल्या माणसाने विशेष जपून भरावा. कांद्याच्या भावासाठी मुंबई-आग्रा महामार्गावर बसलेल्या कितीतरी कार्यकर्त्यांना आपल्यावर गुन्हा नोंदला गेला होता आणि तो अजून कोर्टात आहे, हे माहीतही नसते. आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यांकडे आणि कोर्टात लेखी विचारून घ्या: गुन्हा क्रमांक, कलमे, कोर्ट, दोषारोप ठेवले गेले का. प्रलंबित किंवा शिक्षा झालेला गुन्हा असेल तर माघारीच्या मुदतीनंतर तीन वेळा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तो जाहीर करावा लागतो: पहिल्यांदा चार दिवसांत, दुसऱ्यांदा पाचव्या ते आठव्या दिवसात, तिसऱ्यांदा नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत. आंदोलनाचा गुन्हा लपवण्यासारखा नसतो. लपवलेला मात्र जिंकल्यावर निवडणूक याचिकेत बाहेर येतो.

आता शपथ. संविधानावर निष्ठेची शपथ अर्ज दिल्यानंतर आणि छाननीचा दिवस उजाडण्याआधी घ्यायची असते. छाननीच्या दिवशी घेतलेली चालत नाही. अर्ज दिला की तिथेच, त्याच टेबलासमोर शपथ घ्या आणि प्रमाणपत्र मागून घ्या. छाननीला तुम्ही, निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि आणखी एक जण, असे चौघे जाऊ शकता. चौथा वकील असावा.

नाव आणि चिन्ह

अपक्षाने मुक्त चिन्हांपैकी तीन पसंतीक्रमाने लिहायची असतात आणि पहिल्या दिलेल्या अर्जातलीच पसंती धरली जाते. लांबून, लहान आकारात, काळ्या रेषांतही ओळखू येईल आणि गावच्या बोलीत ज्याला एकच नाव आहे असे चिन्ह निवडा. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत भास्कर भगरे यांचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस होते. त्याच आडनावाच्या एका अपक्षाला नुसती तुतारी मिळाली आणि त्याला एक लाखावर मते पडली. निकाल फिरला नाही, पण मताधिक्य थोडे असते तर फिरला असता. आडनावाचे आणि चिन्हाचे साधर्म्य दिसले तर माघारीच्या दिवशीच लेखी हरकत घ्या. लोक तुम्हाला गुरुजी, आबा, ताई अशा नावाने ओळखत असतील तर ते नाव मतपत्रिकेवर यावे म्हणून आधीच अर्ज द्या. फोटो तीन महिन्यांच्या आतला, २ बाय २.५ सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीचा लागतो. त्यात टोपी किंवा काळा चष्मा नको. नेहमी टोपी घालणाऱ्या माणसाने तर प्रचारपत्रकावरही बिनटोपीचाच फोटो वापरावा, म्हणजे मतदाराला यंत्रावर चेहरा ओळखता येतो.

खर्च

विधानसभेची मर्यादा ४० लाख रुपये आहे. साडेतीन लाख मतदारांच्या मतदारसंघात ती माणशी साडेअकरा रुपयांच्या आसपास पडते. मोजणी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत होते, दोन्ही दिवस धरून. आधी छापून ठेवलेली पत्रके नंतर वाटली तर तीही यात येतात.

अर्जाच्या निदान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडा, स्वतःच्या नावाचे किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत जोडीचे. एका माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून रोखीने १०,००० रुपयांपर्यंतच देता येतात, पुढचे सगळे चेकने किंवा खात्यातून. मंडपवाल्याला आज सहा हजार आणि आठ दिवसांनी सहा हजार रोख दिले की मर्यादा ओलांडली.

अर्जासोबत मिळणाऱ्या नोंदवहीत तीन रंगांची पाने असतात. पांढऱ्यावर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. तिन्ही रोज रात्री भरायची. प्रचारात किमान तीन वेळा तपासणीला न्यावी लागते. तिकडे खर्च पथक तुमच्या सभांचे चित्रीकरण करून स्वतःची छाया नोंदवही भरत असते. दर तुमच्या बिलाचे धरत नाहीत, जिल्हा निवडणूक कार्यालयाने ठरवलेल्या दरपत्रकाचे धरतात. त्यात खुर्ची, मंडप, चहा, नाश्ता, ढोलताशा, गाडी सगळे असते. उदाहरणार्थ, मखमलाबादच्या चौकसभेला ओळखीच्या माणसाने २०० खुर्च्या फुकट दिल्या, तरी पांढऱ्या पानावर २०० गुणिले दरपत्रकातला दर अशी नोंद हवी. तुम्ही ती केली नाही आणि छाया नोंदवहीत ती असली, तर नोटीस येते. मोठ्या नेत्याने व्यासपीठावर तुमचे नाव घेतले किंवा तुमचा फोटो मागे असला की त्या सभेचा वाटा तुमच्या खात्यावर येतो.

हिशेबाला वाणिज्य शाखेचा, रोज रात्री जागा असणारा एक माणूस नेमा आणि त्याला प्रचारात ओढू नका. गाडीत ५०,००० रुपयांहून जास्त रोकड असेल तर बँकेतून काढल्याची पावती सोबत ठेवा. बाजार समितीत माल विकून आलेल्या कार्यकर्त्याचेही पैसे नाक्यावर जप्त होऊ शकतात.

प्रचारातले नियम

सभा, गाड्या, ध्वनिक्षेपक यांच्या परवानग्या निवडणूक आयोगाच्या ‘सुविधा’ ॲपवरून वेळेत मागा. परवान्याची मूळ प्रत गाडीच्या काचेवर हवी. भोंगा रात्री दहा ते सकाळी सहा बंद. प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता लागतो, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. खासगी भिंतीवर लिहायचे तर घरमालकाची लेखी संमती घ्या. टीव्ही, रेडिओ, समाजमाध्यमांवरची जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. मतदानाच्या आणि आदल्या दिवशीच्या छापील जाहिरातीलाही हेच लागू आहे. बाकी प्रचार कसा करावा हे ज्याने वर्षभर यादी घेऊन घरे पालथी घातली आहेत त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र बहुतेक नवे उमेदवार विसरतात. ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना नमुना १२-ड भरून घरून मत देता येते. तो अधिसूचनेनंतर पाच दिवसांतच द्यावा लागतो. पथक घरी येते तेव्हा तुमचा प्रतिनिधी हजर राहू शकतो.

बूथ

प्रत्येक केंद्रावर एक मतदान प्रतिनिधी आणि आळीपाळीला दोन, नमुना १० वर नेमता येतात. आत एका वेळी एकच बसतो. ३५० केंद्रांना प्रत्येकी दोन धरले तरी ७०० माणसे. नव्या उमेदवाराची पडझड इथेच होते: सभेला दोन हजार माणसे येतात, आणि मतदानाच्या सकाळी शंभर बूथवर खुर्ची रिकामी असते. माणूस शक्यतो त्याच केंद्राच्या यादीतला घ्या, कारण तोतया मतदार त्यालाच ओळखू येतो.

प्रतिनिधीने मतदान सुरू होण्याआधी ९० मिनिटे पोचायचे. अभिरूप मतदानात म्हणजे यंत्राच्या चाचणीत किमान ५० मते टाकली जातात, मोजून पुसली जातात, व्हीव्हीपॅटमधल्या म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या चिठ्ठ्या काढल्या जातात. यंत्र शून्यावर आल्याचे डोळ्यांनी पाहून मगच सही करायची. यंत्राचा आणि सीलचा क्रमांक कागदावर उतरवायचा. संध्याकाळी शेवटचे मत पडले की केंद्राध्यक्ष नमुना १७-क भरतात. त्यात पडलेल्या मतांचा एकूण आकडा आणि यंत्राचा क्रमांक असतो. त्याची प्रत हातात घेतल्याशिवाय प्रतिनिधीने केंद्र सोडू नये, कितीही उशीर झाला तरी. सुरगाण्याच्या टोकाच्या केंद्रावरून ती प्रत रात्रीच कार्यालयात कोण आणणार, हे आदल्या दिवशी ठरलेले हवे.

केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार नाही आणि तुमचे टेबलही १०० मीटरच्या बाहेर. तिथे बसणाऱ्याकडे पडताळलेली यादी असावी. दर दोन तासांनी कोण आले नाही हे खुणा करून यादीचे ते पान सांभाळणाऱ्या माणसाला फोनवर सांगायचे, त्याने त्या मतदारांच्या घरी जायचे.

मोजणी आणि नंतर

मोजणी प्रतिनिधी नमुना १८ ने नेमतात, प्रत्येक टेबलाला एक आणि निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलाला एक. टपाली मते आधी मोजायला घेतात. प्रत्येक प्रतिनिधीकडे त्याच्या टेबलावर येणाऱ्या केंद्रांच्या १७-क च्या प्रती द्या. यंत्र उघडण्याआधी क्रमांक आणि एकूण मते जुळवायची, जुळली नाहीत तर तिथेच लेखी हरकत घ्यायची. फेरी संपल्यावर केलेली ओरड कुणी ऐकत नाही. शेवटी चिठ्ठी काढून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात, तोवर माणसे हलू देऊ नका.

एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली तर अनामत परत मिळते. जिंका किंवा हरा, निकालापासून ३० दिवसांच्या आत खर्चाचा पूर्ण हिशेब बिले, बँकेचे विवरण आणि शपथपत्रासह जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. हरलेले उमेदवार हे सोडून देतात, आणि आयोग त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवतो. हिशेब देऊन पोच घ्या, निवडणुकीचे खाते बंद करा आणि पडताळलेल्या याद्या रद्दीत घालू नका, पुढच्या महापालिका किंवा जिल्हा परिषदेला त्याच लागतील.